स्वतःच्याच मंजुरीची वाट पाहताना

गेल्या वर्षी कार्यालयातल्या जुन्या अहवालांचा एक फोल्डर मला उघडायचा होता आणि त्यासाठी परवानगी लागत होती. मी प्रणालीत अर्ज भरला, कारणाच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या आणि अर्ज सादर केला. पाच मिनिटांत ईमेल आला, की आपला अर्ज संबंधित अधिकाऱ्याकडे मंजुरीसाठी पाठवण्यात आला आहे. त्याच्या मागोमाग दुसरा ईमेल आला, की एका कर्मचाऱ्याचा अर्ज आपल्या मंजुरीसाठी थांबला आहे. ती कर्मचारी मीच होते. त्या फोल्डरची जबाबदारी काही महिन्यांपूर्वी कागदोपत्री माझ्याकडे आली होती; तो उघडण्याचा अधिकार मात्र त्या जबाबदारीसोबत द्यायचे राहून गेले होते. मी मंजुरीचे बटण दाबले, तेव्हा प्रणालीने कळवले की अर्जदाराला स्वतःचा अर्ज मंजूर करता येणार नाही. तिसऱ्या दिवशी स्मरणपत्र आले. पाचव्या दिवशी एकाच मिनिटाला दोन पत्रे आली. विलंबाबद्दल दिलगिरी व्यक्त करणारे पत्र अर्जदार म्हणून मला आले, तर विलंबाबद्दल जाब विचारणारे पत्र अधिकारी म्हणूनही मलाच आले. मदत विभागाला फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलाने अत्यंत सौजन्याने सल्ला दिला, “मॅडम, तुमच्या मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांशी एकदा प्रत्यक्ष बोलून घ्या ना.”

त्या क्षणी मला जे हसू आले, तसे अनेक महिन्यांत आले नव्हते. शेजारच्या सहकाऱ्याने विचारले म्हणून त्याला दोन्ही पत्रे दाखवली, त्याने पुढच्या दोघींना बोलावले, आणि दहा मिनिटे आमच्या त्या कोपऱ्यात कुणालाही काम सुचले नाही. संध्याकाळी घरी परतताना मात्र मी त्या हसण्याचा विचार करत राहिले. सकाळपर्यंत हाच प्रकार मला संतापजनक वाटत होता. मधल्या वेळात वस्तुस्थितीत काहीही बदलले नव्हते, फोल्डर बंदच होता, तरीही माझ्या मनावरचा ताण उतरला होता. असे का व्हावे, याचा मी तेव्हापासून गांभीर्याने विचार करते आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ याने १९०० साली हास्याविषयी एक विचार मांडला, तो मला या संदर्भात सगळ्यात जवळचा वाटतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की जिवंत माणसावर यंत्राचा साचा चढलेला दिसला की आपल्याला हसू येते. जिथे लवचीकपणा हवा, परिस्थिती पाहून वळण घ्यायला हवे, तिथे एखादा माणूस किंवा एखादी संस्था ठरल्या चाकोरीतून सरळ पुढे जात राहते, आणि तेवढ्यात ती हास्यास्पद होते. कार्यालयाचे सारे आयुष्य या व्याख्येत बसते. स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करू नये, हा नियम अगदी योग्य आहे. गैरव्यवहार टाळण्यासाठी तो असायलाच हवा. ठरावीक मुदतीत निर्णय झाला नाही तर जाब विचारावा, हाही नियम योग्य आहे. दोन शहाणे नियम एकमेकांना भेटले आणि त्यांच्यामधून एक निखळ वेडेपणा जन्माला आला. त्यात कुणीही मूर्ख नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

त्या आठवड्यापासून मी एक छोटी वही ठेवू लागले. तिच्यात मी फक्त घडलेले वाक्य जसेच्या तसे लिहिते. कुणाचे नाव लिहीत नाही आणि स्वतःचे विशेषणही जोडत नाही. कार्यालयातला विनोद अतिशयोक्तीत नसून तपशिलाच्या अचूकपणात असतो, हे मला या वहीने शिकवले. बराच वेळ बसून राहण्याचे शरीरावर काय दुष्परिणाम होतात, या विषयावर आम्हाला एकदा सलग तीन तास बसवून व्याख्यान दिले गेले. यात एक शब्दही वाढवला तर गंमत कमी होते.

वहीची सर्वाधिक पाने भाषेने भरलेली आहेत. आमच्याकडे कुणी ‘मला वेळ नाही’ असे म्हणत नाही, ‘माझ्याकडे बँडविड्थ नाही’ असे म्हणतात. माणसाने स्वतःला माहिती वाहून नेणाऱ्या केबलच्या जागी कल्पून बोलावे, हे बर्गसाँच्या विचाराचे इतके थेट उदाहरण आहे की पहिल्यांदा ते लक्षात आले तेव्हा मी थबकले. माणसांना ‘रिसोर्स’ म्हणण्याची पद्धत तर इतकी अंगवळणी पडली आहे, की एका सकाळी पूर्ण गंभीर आवाजात मी ऐकले, “आपले दोन रिसोर्स तापाने फणफणले आहेत आणि तिसऱ्या रिसोर्सचं लग्न आहे.” ‘फणफणणे’ हा अस्सल मराठी शब्द ‘रिसोर्स’ या शब्दाला पेलवत नाही. मराठी शब्द माणसाला पाहतो आणि आयात केलेला शब्द त्याच माणसाचे सामान करतो; त्या एका वाक्यात दोन्ही शेजारी उभे राहिले होते.

यातूनच आमच्या गटात एक खेळ सुरू झाला. बैठकीत ऐकलेला एखादा वाक्प्रचार शब्दशः मराठीत आणायचा आणि तो किती वेळ उभा राहतो ते पाहायचे. ‘सर्कल बॅक करू’ याचे ‘वर्तुळ फिरून परत येऊ’ झाले. ‘लो हँगिंग फ्रूट आधी उचलू’ याचे ‘खाली लोंबणारी फळे आधी तोडू’ झाले. ‘हे आपण ऑफलाइन घेऊ’ हे वाक्य तर आम्ही सारे एकाच खोलीत, एकाच टेबलाभोवती समोरासमोर बसलेले असताना उच्चारले गेले होते. या खेळाचा एक अनपेक्षित लाभ झाला. ज्या वाक्याचे मराठी करता आले, त्यात काही अर्थ होता असे लक्षात येऊ लागले. ज्याचे कसेही करून मराठी होईना, तिथे बोलणाऱ्याला बहुधा काही सांगायचेच नसे, किंवा जे सांगायचे होते ते सांगण्याचे धैर्य होत नसे. ‘आपण या दिशेने एक्सप्लोअर करतो आहोत’ याचे प्रामाणिक मराठी ‘अजून काही सुरू झालेले नाही’ असे निघाले, तेव्हा आम्ही हसलो, पण त्या प्रकल्पाची खरी स्थितीही आम्हाला त्या दिवशी प्रथमच कळली. हळूहळू मी स्वतःचे अहवालही आधी मनात मराठीत लिहून पाहू लागले आणि ते आखूड होत गेले.

बैठकांविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यांच्या संख्येची तक्रार मी करणार नाही. मला कुतूहल वाटते ते त्यांतल्या वेळेच्या वाटणीचे. आमच्या एका बैठकीत तीन वर्षांच्या सर्व्हर करारावर चार मिनिटे चर्चा झाली आणि ओळखपत्राच्या फितीचा रंग कोणता असावा यावर पाऊण तास. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश अभ्यासकाने १९५७ साली नेमके हेच चित्र रंगवले होते. त्याच्या काल्पनिक समितीत अणुभट्टीचा प्रस्ताव अडीच मिनिटांत मंजूर होतो, सायकली ठेवण्याच्या शेडवर पंचेचाळीस मिनिटे खर्च होतात आणि बैठकीतल्या कॉफीच्या किरकोळ खर्चावर सव्वा तास वाद रंगतो. कारण साधे आहे. अणुभट्टीतले कुणाला फारसे कळत नाही, त्यामुळे सगळे गप्प बसतात. शेड सगळ्यांनी पाहिलेली असते, आणि कॉफीवर तर प्रत्येकाचे ठाम मत असते. पार्किन्सन वाचण्यापूर्वी फितीच्या चर्चेने माझा जीव मेटाकुटीला येत असे. आता मी त्या पाऊण तासाकडे वेगळ्या नजरेने पाहते. सर्व्हरच्या करारावर बोलताना चूक होईल या भीतीने दबून बसलेली माणसे फितीचा रंग निघताच एकदम मोकळी होतात, हात हलवून बोलू लागतात, हट्ट धरतात, रुसतातसुद्धा. त्या बैठकीत आमच्या लेखा विभागातले एक अतिशय अबोल गृहस्थ निळ्या रंगाच्या बाजूने सात मिनिटे बोलले. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि मला तो आवडला.

याच संदर्भात आणखी एक कागद आठवतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेच्या ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस या गुप्तचर संस्थेने शत्रूच्या ताब्यातील प्रदेशांतल्या सामान्य नागरिकांसाठी घातपाताची एक पुस्तिका तयार केली. तिच्यात कार्यालये आतून खिळखिळी कशी करावीत याचेही मार्गदर्शन आहे. प्रत्येक काम ठरलेल्या मार्गानेच व्हावे असा आग्रह धरा, शक्य ते सारे विषय समित्यांकडे सोपवा आणि समिती होईल तितकी मोठी ठेवा, पाचापेक्षा कमी सदस्य कधीच नकोत, इतिवृत्तातल्या नेमक्या शब्दांवर घोळ घाला, मागच्या बैठकीत ठरलेले विषय पुन्हा उकरून काढा, असा तिचा उपदेश आहे. मी ही यादी गटात वाचून दाखवली तेव्हा आधी शांतता पसरली, मग एकजण हळूच म्हणाला, “म्हणजे मंगळवारची बैठक.” त्यानंतरच्या मंगळवारी, समितीत सहावा सदस्य घेण्याचा विषय निघताच तीन जणांनी एकमेकांकडे पाहिले आणि तो विषय तिथेच थांबला. इतक्या वर्षांत कोणत्याही प्रशिक्षणाने जे साधले नव्हते ते त्या एका हसण्याने साधले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आकड्यांच्या बाबतीतही असेच होते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदवले, आणि पुढे ते सर्वत्र लागू पडत असल्याचे दिसून आले. एखाद्या मोजमापालाच उद्दिष्ट केले, की ते मोजमाप उपयोगाचे राहत नाही. आमच्याकडचा प्रिंटर बिघडला तेव्हा मी तक्रार नोंदवली. मदत विभागावर तक्रार अठ्ठेचाळीस तासांत बंद करण्याचे बंधन होते, त्यामुळे सत्तेचाळीसाव्या तासाला ती ‘निवारण झाले’ अशी नोंद होऊन बंद झाली आणि मला नवी तक्रार नोंदवण्याची विनंती करण्यात आली. असे चार वेळा झाले. महिन्याच्या अहवालात आमच्या मजल्यावरच्या प्रिंटरची चार वेळा यशस्वी दुरुस्ती झाल्याचे दिसत होते आणि प्रिंटर त्या महिन्यात एकही कागद छापू शकला नव्हता.

या गोष्टी घरी सांगितल्या तर घरचे लोक नेहमी हसतातच असे नाही. आधी मला याचे वाईट वाटायचे. मग रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाचे काम माझ्या वाचनात आले. त्यांनी माणसे प्रत्यक्षात कशावर हसतात याच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांना दिसले, की बहुतेक हसणे विनोदानंतर येतच नाही. ते अगदी साध्या वाक्यांनंतर येते, आणि एकटा असताना माणूस जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो इतरांच्या सोबतीत हसतो. कार्यालयातले हसू असेच आहे. ते गोष्टीत नसते, ती एकत्र भोगलेल्या माणसांमध्ये असते. १९९७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये सुमारे तेरा हजार जणांच्या एका अंतर्गत ईमेल यादीवर कुणीतरी विचारले की मी या यादीत का आहे, मला काढा. त्यावर ‘मलाही काढा’ अशी उत्तरे सगळ्यांना जाऊ लागली, ‘सगळ्यांना उत्तर देणे थांबवा’ हीसुद्धा उत्तरे सगळ्यांनाच गेली, आणि कंपनीची ईमेल यंत्रणा कोलमडली. पुढे तिथल्या लोकांनी ‘त्या यादीतून मी वाचलो’ अशा आशयाचे टी-शर्ट छापून घेतले. बाहेरच्या माणसाला त्या टी-शर्टवरची अक्षरे काहीच सांगणार नाहीत. ते घालणाऱ्या दोघांची नजर जिन्यात एकमेकांना भेटली तर मात्र दोघेही नक्की हसत असतील.

हसण्याचे असे बंध किती नाजूक असतात, हे मला डोनाल्ड रॉय या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या एका अभ्यासातून समजले. तो स्वतः एका कारखान्यात यंत्रावर कामाला लागला होता. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला बारा तास, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने लिहिले, की तिथल्या तीन जुन्या कामगारांनी दिवसाचे छोटे-छोटे विधी करून ठेवले होते. एक कामगार डब्यात केळे आणायचा. दुसरा रोज ते चोरून ‘केळ्याची वेळ झाली’ असे ओरडत खाऊन टाकायचा, पहिला रोज निषेध करायचा, आणि तरीही दुसऱ्या दिवशी केळे घेऊन यायचा. या निरर्थक वाटणाऱ्या चेष्टेवर त्यांचे दिवस ढकलले जात होते. पुढे एका चेष्टेने त्यांच्यातल्या एकाच्या कौटुंबिक अभिमानाला धक्का लागला, आणि तो सारा खेळ थांबून कित्येक दिवस तिथे अबोला पसरला.

मी हे वाचले तेव्हा मला आमच्या गटातली एक गोष्ट आठवली आणि ती इथे सांगणे मला आवश्यक वाटते. आमचे एक वरिष्ठ दिवसातून तीनदा प्रत्येकाच्या जागेवर येऊन विचारायचे, “काय स्टेटस आहे?” त्यांच्या आवाजाची, चालण्याची, चष्मा वर सरकवण्याची नक्कल आमच्यातला एकजण हुबेहूब करायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. मीही हसायचे. एकदा उशिरापर्यंत थांबले असताना त्यांच्या टेबलावर मला एक तक्ता दिसला. सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा, अशा तीन वेळांना त्यांना तो भरून वर पाठवावा लागत होता, आणि वरच्यांना तो त्यांच्याही वर पाठवावा लागत होता. आम्ही ज्याला त्यांचा स्वभाव समजत होतो तो एका तक्त्याचा रकाना होता. त्या नकलेवर मला पुन्हा कधी हसता आले नाही. तो तक्ता मात्र खरोखरच हसण्यासारखा होता, कारण दर चार तासांनी बदलेल असे आमच्या कामात काहीच नव्हते. काही दिवसांनी मी धीर करून त्यांच्यापाशी तक्त्याचा विषय काढला. ते आधी गप्प राहिले, मग मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी उघडून मला दाखवल्या. एकूण एक रकान्यात ‘काम सुरू आहे’ हेच तीन शब्द होते. मग आम्ही दोघे हसलो, आणि त्यांना इतके मोकळे हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. पुढच्या महिन्यात त्यांनी वर बोलून तो तक्ता आठवड्यातून एकदा भरायची परवानगी मिळवली.

हसण्याने काही गोष्टी झाकल्याही जातात, हे मी अनुभवाने सांगते. रात्री साडेदहाच्या फोनबैठकींवर आम्ही जवळजवळ आठ महिने विनोद करत होतो. त्यांना आम्ही एक लाडके नावही दिले होते. त्या काळात एका सहकारी मैत्रिणीचे लहान मूल आजारी असायचे आणि ती विनोदात सामील होत होती म्हणून तिला किती त्रास होतो आहे हे आमच्या ध्यानात आले नाही. शेवटी तिनेच एकदा सरळ आवाजात सांगितले, “मला हे जमत नाही.” त्यात काहीच विनोदी नव्हते. आठवड्याभरात बैठकीची वेळ बदलली. आम्ही आठ महिने हसण्याऐवजी पहिल्याच महिन्यात ते वाक्य म्हणायला हवे होते. तेव्हापासून वहीत काही लिहिताना मी स्वतःला विचारते, की यात कुणाची झोप, तब्येत किंवा नोकरी पणाला लागली आहे का. लागली असेल तर ते वाक्य वहीत जात नाही, ते ज्यांना सांगायला हवे त्यांच्याकडे जाते.

त्या फोल्डरचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. माझा अर्ज चार महिने माझ्याच मंजुरीसाठी थांबून होता. दर तीन दिवसांनी मला स्मरणपत्र येत होते आणि आमच्या गटात त्या दिवसाला ‘अर्जदाराचा दिवस’ असे नाव पडले होते. मग माझी बदली दुसऱ्या विभागात झाली आणि माझी जागा नव्याने रुजू झालेल्या एका तरुण मुलीला मिळाली. तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. तिच्याकडे मंजुरीसाठी एक अर्ज आला होता, तो फार जुना दिसत होता, आणि नीट चौकशी केल्याशिवाय मंजुरी देणे तिला योग्य वाटत नव्हते. “ताई, या अर्जदार कोण आहेत, तुम्ही ओळखता का त्यांना?” असे तिने विचारले, आणि नाव वाचता वाचताच ती थांबली.

मी तिला सगळी हकिकत सांगितली. फोनवर आम्ही दोघी इतके हसलो, की तिच्या बाजूला बसलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना न सांगताच कळले आणि पलीकडून त्यांचेही आवाज येऊ लागले. तिने अर्ज मंजूर केला. लगेच तिच्या पडद्यावर एक चौकट उघडली, जिच्यात एकशे एकवीस दिवसांच्या विलंबाचे कारण निवडायचे होते. पर्याय तीन होते: अर्जदार रजेवर होता, मंजुरी देणारा अधिकारी रजेवर होता, आणि दोघांमध्ये संपर्क होऊ शकला नाही. कोणता निवडू, असे तिने विचारले. आम्ही बराच वेळ गांभीर्याने चर्चा केली आणि तिसरा निवडला.